भिवातात्यांची वर्षाची एक माफी

भिवातात्यांनी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी राहून आणि पुरेसा अपमान गिळून सांगतोय.

पोलादपूर तालुक्यात शिक्षक म्हणून बदली झाली तेव्हा आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या ह्या वाडीत मी खोली घेतली, आणि निवृत्त झाल्यावरही इथेच चिकटून राहिलो. पहिल्याच आठवड्यात तात्यांच्या गाईने माझ्या परसातली मेथी मुळासकट खाल्ली. मी तावातावाने त्यांच्या ओटीवर गेलो. तात्या सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गाय शाळंत गेलेली नाय, मास्तर. तुमची मेथी कुठली नि रानातला पाला कुठला, तिला काय वाचता येतं?" वर मलाच कुंपण कसं घालावं ते अर्धा तास शिकवलं.

एसटीत माझ्या पायावर पाय दिला, तर म्हणाले, "पाय हितं कशाला ठेवलात?" गुडघे धरले म्हणून मी त्यांना सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर घेऊन गेलो. तिथे त्यांनी कुंडात असं काही अंग टाकलं, की शेजारच्या गृहस्थाच्या तोंडावर कढत पाणी उडालं. तो बिचारा डोळे चोळत ओरडायला लागला. तात्यांनी शांतपणे विचारलं, "गरम पान्यालाच आलायस ना?" त्या गृहस्थाची माफी मी मागितली. तात्यांच्या वतीने माफी मागणं हेच निवृत्तीनंतर माझं मुख्य काम होऊन बसलं होतं.

कुणी फारच टोकलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "आमची माफी वर्षाची एकच. ती देवाची. मानसांना उरत नाय."

आणि हे मात्र शब्दशः खरं होतं.

वाडीच्या वर, करंजाच्या झाडीत शंकराचं एक जुनं देऊळ आहे. त्याचं नाव घावेश्वर. किती जुनं ते कुणालाच माहीत नाही, आणि जो सांगतो तो थापा मारतो. गोष्ट अशी, की पूर्वी तिथे नुसतं रान होतं. तात्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष तिथे कवळ तोडायला गेला. कवळ म्हणजे भाताचं बी टाकण्याआधी जमीन भाजायला लागणाऱ्या फांद्या. त्याचा कोयता निसटला आणि खालच्या दगडावर बसला. दगडातून रक्त आलं. तो माणूस घाबरून घरी पळाला, तर देव त्याच्या स्वप्नात आला. देवाने शाप दिला नाही. एवढंच म्हणाला, की घाव तू घातलास, तर औषधही तूच लाव.

तेव्हापासून महाशिवरात्रीला पहाटे त्या घरातल्या थोरल्याने एकट्याने गाभाऱ्यात जायचं, पिंडीवरच्या खाचेत घरचं लोणी भरायचं आणि माफी मागायची. काय बोलायचं ते ठरलेलं नाही. पण दुसऱ्याने ते ऐकायचं नाही. ते होईपर्यंत गुरवसुद्धा उंबऱ्याबाहेर थांबतो. देवळातले मान मी पुष्कळ पाहिले, पालखीचे, निशाणाचे, पहिल्या नारळाचे. माफी मागायचा मान असलेलं घराणं मात्र हे एकच.

तात्यांची ती मेथीखाऊ गाय ह्या लोण्यासाठी होती. बायको कधीच गेली, मूलबाळ नाही, गुडघे साथ देत नाहीत, तरी गोठ्यात कायम एक गाय. शिवरात्र जवळ आली, की दुधाच्या थेंबाला कुणी शिवायचं नाही. चहा कोरा मिळायचा. "विकून टाका ती गाय," असं मी एकदा म्हणालो, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते चार दिवस फार बरे गेले.

आता त्यांच्या भावाबद्दल सांगतो. धाकटा भाऊ चंदर, मुंबईत गेल्यावर चंद्रकांतशेठ. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी आहेत आणि मनगटापासून तळव्यापर्यंत जाड वण आहे. तरुणपणी तात्या ऐनाच्या झाडावर चढून कवळ तोडत होते, चंदर खाली भारे बांधत होता. कोयता निसटला. मूळ पुरुषाचा दगडावर बसला होता, तात्यांचा भावाच्या हातावर. रक्ताने न्हालेल्या भावाकडे बघून तात्या झाडावरून पहिलं वाक्य बोलले ते असं: "खाली उभा कशाला राहिलास?"

सगळ्या वाडीला हे वाक्य पाठ आहे. चंदरला पुढे नांगराची मूठ धरता येईना. तो मुंबईला मामाच्या दुकानात गेला आणि काही वर्षांत त्याची स्वतःची तीन दुकानं झाली. "माझ्या कोयत्यानं शेठ झाला," असं तात्या चारचौघांत सांगायचे. ऐकताना अंगाची आग व्हायची. भाऊ गावी आला, की दोघं एका पंगतीला बसत, आंब्याच्या मोहराबद्दल बोलत आणि उठत. त्या हाताला तात्यांनी पुन्हा कधी हात लावल्याचं कुणी पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी तात्यांना मोतीबिंदूमुळे गाभाऱ्यात काही दिसेना. समईच्या उजेडात खाच सापडेना. नाइलाजाने मला बॅटरी धरायला आत नेलं. "कान बंद ठेवायचे," असं बजावलं. कान कसे बंद ठेवतात ते मला अजून जमलेलं नाही. तात्यांनी अंगठ्याने खाचेत लोणी भरलं. दुखऱ्या जागेवर घालावी तशी हळूच फुंकर घातली. आणि पुटपुटले, "चंदर, चुकलो रे. हात दुखतो काय अजून?"

बाहेर आल्यावर मी बॅटरी विझवली. "बॅटरी नीट धरता येत नाय तुमाला," एवढं म्हणून तात्या खाली उतरायला लागले. मला त्यांची दया यायला हवी होती. राग आला. मुंबई काही विलायत नाही. भाऊ वर्षातून दोनदा ह्यांच्या ओटीवर येऊन बसतो, आणि हा माणूस त्याची माफी दगडाकडे मागतो!

गेल्या वर्षी देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मुंबईच्या मंडळाने तो मनावर घेतला, आणि मंडळाचे अध्यक्ष चंद्रकांतशेठच. भिंतींना न्हाणीघरात शोभतील अशा टाइल्स लागल्या. पिंडीवर चांदीचं कवच घालायचं ठरलं. आणि बाहेर देवळाचा इतिहास सांगणारा मोठा बोर्ड. बोर्डाचा मजकूर लिहायला सांगितला मला.

"मास्तर, ते कोयत्याचं मॅटर काढून टाका," शेठ म्हणाले. "आमच्या खानदानाने देवाला मारलं, हे बोर्डवर चांगलं दिसत नाही. पांडवांचं काहीतरी लिहा. एकदम क्लीन."

मी लिहिलं. वनवासात असताना पांडवांनी एका रात्रीत हे मंदिर बांधलं, असं आता तिथे पिवळ्या अक्षरांत आहे. पांडवांना वनवासात दुसरा उद्योगच नसावा. ह्या कामाबद्दल माझा शाल देऊन सत्कार झाला. ती शाल मी थंडीत पांघरतो, आणि पांघरताना लाज वाटते.

सत्काराच्या त्याच सभेत तात्या उभे राहिले. "खाच झाकल्यावर लोनी कुठं लावू?"

"दादा, कवचावर लावा ना," शेठ म्हणाले. "भावना महत्त्वाची."

"चांदीला कुठं घाव लागलाय?"

लोक हसले. मी नवी शाल मांडीवर घेऊन खाली बघत बसलो. खरी गोष्ट तिथे तात्यांच्या खालोखाल मला एकट्याला माहीत होती. कवच बसलं. चोरीची भीती म्हणून त्याला कुलूप लागलं, आणि किल्ली मंडळाकडे गेली.

त्यानंतर तात्या माझ्याशी बोलायचे बंद झाले. ह्या वेळी ते दिवस बरे गेले नाहीत. शिवरात्र जवळ आली तशी पलीकडून ताक घुसळल्याचा आवाज मात्र रोज यायला लागला.

शिवरात्रीला पहाटेचा रिवाज मोडला होता. शेठ नऊ वाजता आले, महाडहून भटजी आले, माइक लागला. भाविकांची रांग करंजाच्या झाडीबाहेर गेली. तात्या धुतलेला सदरा घालून, लोण्याची वाटी हातात धरून गाभाऱ्याच्या उंबऱ्यात उभे होते. त्यांना कुणी अडवलं नाही आणि कुणी वाटही दिली नाही. आत चांदी लखलखत होती. ते नुसते बघत राहिले.

"दादा, चला लवकर, लाइन लागलीय," असं म्हणून शेठनी त्यांना आत घ्यायला घड्याळ बांधलेला उजवा हात पुढे केला.

तात्यांनी तो हात धरला. वाटीतलं सगळं लोणी अंगठ्याने काढून त्या वणावर घातलं, मनगटापासून वाकड्या बोटांपर्यंत. घाई केली नाही. भरून झाल्यावर हळूच फुंकर घातली. त्यांचे ओठ हलले. माइकवर रुद्र चालला होता, त्यात काही ऐकू आलं नाही. मला ऐकायची गरज नव्हती.

"अरे दादा, काय हे! घड्याळ!" शेठनी हात सोडवून घेतला. खिशातून रुमाल काढला, हात पुसला, घड्याळ पुसलं. "वय झालं," असं भटजींना म्हणाले, आणि रुमाल निर्माल्याच्या बादलीत टाकून अभिषेकाला बसले.

तात्या रिकामी वाटी घेऊन खाली उतरायला लागले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. बोर्डापाशी आल्यावर मला राहवलं नाही. "तात्या, हे मी लिहिलं. चुकलो मी."

"तुमची माफी लगेच निघते, मास्तर," ते म्हणाले. "सवय हाय तुमाला."

कित्येक महिन्यांनी बोलले ते हे. तरी मला बरं वाटलं. थोडं उतरल्यावर मी म्हणालो, "त्यांना काही कळलं नाही, तात्या. तोंडाने स्पष्ट सांगायचं होतं."

"दगडाला तरी कुठं कळत होतं?"

पुढची पायरी मोडकी होती. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. वाटी छातीशी धरून आधी एक पाय टाकला, मग दुसरा. खाली पोचल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन त्याचा हात गरम होता."