उणे नऊचा चढ

पाणीपुरवठा कार्यालयाने सरळ रेषा योजना लागू केली आणि मिस्त्रीच्या दारातही नोटीस येऊन पडली. प्रत्येक नळधारकाने आपल्या पाणीवापराच्या रेषेचे समीकरण स्वहस्ते लिहून सात दिवसांत दाखल करावे, अन्यथा नळ तोडण्यात येईल. मिस्त्रीने चाळीस वर्षं भिंती बांधल्या होत्या. सरळ रेषेला घाबरण्यातला तो नव्हता.

खिडकीवरच्या बाईंनी त्याच्या नोंदी काढल्या. "पहिल्या तिमाहीत अठरा युनिट, दुसरीत नऊ. दोन बिंदू मिळाले की रेषा झाली. लिहा काका, वाय बरोबर उणे नऊ एक्स अधिक अठरा."

"हे वाय आणि एक्स कोण?"

"वाय म्हणजे तुमचं पाणी. एक्स म्हणजे तिमाहीचा क्रमांक. पहिलीचा शून्य, दुसरीचा एक. आमच्याकडे मोजणी शून्यापासून असते. उणे नऊ हा तुमचा चढ."

"नऊनं खाली आलो, आणि चढ?"

"फॉर्मवर चढच म्हणतात. पुढं उणे लावलंय ना?"

"आणि हे अठरा?"

"स्थिरांक. काही झालं तरी तो बदलत नाही."

मिस्त्रीचं पेन थांबलं. "बाई, अठरा बायको असतानाचे. दोघं होतो. आता एकटा आहे."

"म्हणजे नोंदी बरोबर आहेत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक्सच्या जागी दोन घातले. "पुढच्या तिमाहीत तुमचं पाणी शून्य. शून्य म्हणजे घर रिकामं. रिकाम्या घराचा नळ एक तारखेला तोडतात."

"अहो, मी राहतोय की तिथं!"

"ते दुसऱ्या बिंदूपर्यंत. शून्याच्या पुढच्या तिमाहीत उणे नऊ येतंय. म्हणजे नऊ युनिट पाणी तुम्ही कार्यालयाला द्यायचं. त्यासाठी पुरवठादाराचा अर्ज आजच भरून ठेवा, मागाहून गर्दी होते."

मिस्त्री तडक साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, आज माणूस पाठवा, मीटर बघा. तिसरा आकडा मिळेल."

"तिसरा घेता येत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. तिसरा आला की भांडणं सुरू होतात."

"साहेब, दोन खुंट्या ठोकून मधे दोरी ताणली की भिंत सरळ येते, हे मला शिकवू नका. पण दुसऱ्या खुंटीच्या पुढं दोरी लोंबते. तिथं कुणी भिंत बांधत नाही."

साहेबांनी हे वहीत उतरवून घेतलं. "मुद्दा चांगला आहे. पण खुंटीच्या पुढचं सांगायचं नाही, तर एवढ्या लोकांनी इथं बसून करायचं काय?"

बाई मात्र मनाने बऱ्या. त्यांनी त्याला मागे बोलावून फॉर्मची पाठ दाखवली. वापर घटल्याचं कारण दिलं, तर रेषा रद्द होऊन नळ राहत होता. कारणं तीन छापली होती: परगावी वास्तव्य, मीटर नादुरुस्त, गळती बंद झाली.

"बायको गेली, हे कुठं लिहू?"

"तो रकाना नाही. परगावाला प्रवासाचा पुरावा लागतो, मीटरला तपासणी. गळतीला काहीच लागत नाही. गळतीवर खूण करा आणि खाली सही."

मिस्त्रीने लेकीला फोन लावला. ती ऐकून म्हणाली, "करा बाबा सही आणि मोकळे व्हा. आई काय वाचायला येणार आहे?"

"ती वाचायला येणार नाही, पण लिहायला मी आहे ना," मिस्त्री म्हणाला. "ती घरात होती तेव्हा पाणी वाया जात होतं, असं माझ्या सहीनं लिहून द्यायचं?"

त्याने फॉर्म तसाच परत दिला.

एक तारखेला नळ तोडला. तिमाही संपल्यावर मीटर बघायला माणूस आला. आकडा अर्थातच शून्य. साहेबांनी मिस्त्रीला मुद्दाम बोलावून चहा पाजला. "पाहिलंत? रेषा तंतोतंत निघाली."

"तुम्हीच तिसरा आकडा घेत नाही म्हणाला होतात."

"रेषेवर असला की घेतो."

भिंतीवर त्याचा आलेख लावला होता, योजनेचं यश म्हणून. खाली फक्त ग्राहक क्रमांक होता. मिस्त्री शेजारच्या वहिनींच्या नळावरून रोज दोन बादल्या आणतो. पुढच्या तिमाहीत वहिनींचा चढ अधिकात जाणार, हे बाईंनी आत्ताच काढून ठेवलं आहे.

साहेबांना हसायला हरकत नाही. पण तुमच्याही ओळखीत असा एक जण असेल. घरचं माणूस गेल्यावर तुम्ही त्याला जेवायला बोलावलंत, तो नाही म्हणाला. पुन्हा बोलावलंत, पुन्हा नाही म्हणाला.

तिसऱ्यांदा बोलावलंत?