मारोतराव बाग पाहतात

मारोतराव ढोके कुठलाही सिनेमा पंधरा मिनिटांच्या वर पाहत नाहीत. पंधरावं मिनिट झालं की उठतात, टोपी नीट करतात आणि निकाल देतात. "सहा आणे." किंवा, "नऊ आणे, पण इंटरवलनंतर पोकळ." पुढचं पाहायची त्यांना गरज वाटत नाही. त्यांच्या हिशेबी सोळा आण्यांचा सिनेमा अजून निघालेला नाही.

आमच्या सौंसरला याचं कुणाला फारसं नवल नाही, कारण त्यांचं आयुष्यच यात गेलं. आमच्याकडे संत्र्याची बाग फळ झाडावर असतानाच विकली जाते. त्याआधी एखाद्या जाणत्या माणसाला बागेतून फिरवतात आणि तो फळ न मोजता सांगतो की एवढा माल निघेल. याला बाग पाहणं म्हणतात. मारोतराव तीन ओळी चालायचे, एखाद्या झाडाखाली वाकून वर बघायचे, बस्स. चाळीस वर्षं त्यांनी हे केलं. आता गुडघे बागेत जाऊ देत नाहीत, पण नजर रिकामी बसायला तयार नाही. म्हणून ते सिनेमे, मालिका, लग्नपत्रिका, नवे मोबाइल फोन आणि शेजाऱ्यांचे स्वभाव पाहतात.

"एक संत्रं खाल्लं का बाग समजते न सर," ते मला समजावतात. "मंग अख्खं पिक्चर कायले पाहून राहिले लोक?"

अशा माणसाने यंदा फक्त एका गोष्टीवर मत द्यायचं टाळलं. माझी मुलगी मला पुण्याला बोलावत होती, घर बंद करून, कायमचं. गल्लीत सगळ्यांनी आपापलं मत दिलं. दूधवाला जा म्हणाला, किराणावाला नका जाऊ म्हणाला, समोरच्या बाई एकदा हे आणि एकदा ते म्हणाल्या. मारोतराव रोज संध्याकाळी माझ्याकडे बसायचे, पुणं सोडून जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलायचे आणि उठून जायचे.

तसं आमचं जमायचं काही कारण नव्हतं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पुस्तक अर्धं सोडलं तर मला चोरी केल्यासारखं वाटतं. आमचं जमवलं माझ्या बायकोनं, कुसुमनं. टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा ती एक दिवस चुकवत नसे, आणि मारोतरावांना आपला अंदाज ऐकवायला कुणीतरी हवं असे. आमच्याकडे संत्र्याला दोन बहार येतात. आंबिया बहाराचं फळ दिसायला मोठं, पण आंबूस. मृगाचं गोड. मारोतरावांच्या लेखी गायकही या दोनच जातींचे.

"हा पोरगा आंबिया आहे वहिनी. टीव्हीवर मोठा दिसते. ऐकला का दात आंबते."

"भाऊजी, तुमाले गाण्यातलं काही नाही समजत," कुसुम म्हणायची. "तुमी साल पाहून राहिले."

यावर ते इतके खूश व्हायचे की मला वाटे, हे ऐकायलाच येतात. गावात त्यांच्यापुढे लोक एक तर माना डोलवत किंवा काम आठवल्यासारखं करत. उलट बोलणारी ही एकटीच. पुढे तोच आंबिया पोरगा स्पर्धा जिंकला. कुसुमनं त्यांच्यासमोर पेढ्यांचा डबा ठेवला. मारोतरावांनी दोन पेढे खाल्ले आणि म्हणाले की परीक्षक चुकीच्या ओळीतून चालले.

त्यांचे सल्ले मात्र जपून घ्यावे लागतात. संत्र्याला भरपूर फूल यावं म्हणून आधी काही दिवस पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. यावरून मारोतरावांनी शेजारच्या सचिनला सांगितलं की नवऱ्यानं महिन्यातून चार दिवस बायकोशी बोलूच नये, संसार फुलतो. सचिन नवा नवरा, त्यानं मन लावून अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको पायल बॅग भरून माहेरी पांढुर्ण्याला निघून गेली. मारोतराव स्वतः बसनं तिला आणायला गेले, तिच्या आईचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी तिला घेऊन परत आले.

"ताण जास्त झाला," त्यांनी सचिनला सांगितलं. "जमीन हलकी होती, म्या आधी पाहिली नाही."

पायल अजून त्यांना चार दिवसवाले काका म्हणते, आणि सणावाराला ताट आधी त्यांच्याकडे पाठवते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नागपूरला असतो, कामात असतो.

कुसुम उन्हाळ्याच्या तोंडाशी गेली. तेरावं झालं, पाहुणे गेले, मुलगी पुण्याला परतली, आणि दुसऱ्या दिवशी मारोतराव माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी भात लावला होता. भात पाहायचा नसतो, ऐकायचा असतो, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं. खदखद थांबली आणि बारीक चरचर आली की गॅस बंद. पहिला आठवडा त्यांनी माझ्या भाताला तीन आण्यांच्या वर जाऊ दिलं नाही. मग एका दुपारी "अकरा आणे" म्हणाले आणि दोनदा वाढून घेतला. टीव्ही लावा असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

पुण्याहून फोन येत होते. दिवाळीच्या आत काय ते कळवायचं होतं. एकदा वाटे जावं, नातीला शाळेत सोडावं, आणावं. एकदा वाटे या घरातून पाय कसा काढायचा. शेवटी एका दुपारी मी मारोतरावांना सरळ विचारलं, जाऊ की राहू?

त्यांनी टोपी नीट केली.

"ही बाग मी नाही पाहत, सर."

का, म्हणून मी विचारलं.

"आपल्या माणसाची बाग आपण पाहत नसतो. तिथं फळ आहे त्याच्याहून जास्त दिसते." मग म्हणाले, "बोरगावच्या पुंडलिकले आणतो. तोही बागा पाहते. माणूस कडू आहे, पण नजर खरी आहे."

मला ती थट्टा वाटली. चौथ्या दिवशी सकाळी मारोतराव खरोखरच एका किडकिडीत, गंभीर गृहस्थांना घेऊन आले. स्वतः फाटकाबाहेर थांबले, आणि तेही घराकडे पाठ करून. आपलं तोंड दिसलं तर पाहणाऱ्याची नजर हलते, असं त्यांचं म्हणणं.

पुंडलिकराव सगळं घर फिरले. दोरीवरचे कपडे पाहिले, पुस्तकांचं कपाट पाहिलं, भाताच्या पातेल्याचं झाकण उचललं. मुलगी तोडून बोलते का, जावई जेवताना जवळ बसतो का, इथं पडलो-झडलो तर कुणाला कळेल, असं एकेक विचारलं. सकाळी दूधवाल्याला कळेल, मी म्हणालो, आणि संध्याकाळी बाहेर उभे आहेत त्यांना. मग चहा पिता पिता त्यांनी विचारलं, बाई जाऊन किती दिवस झाले?

पाच महिने, मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. "मंग मले कायले आणलं यानं? फळ धरलं का आधी गळ लागते, सर. बारीक बारीक फळ खाली पडत राहते. गळ चालू असताना कोणी बाग पाहत नाही. काय टिकते, काय नाही, ते झाडालेच माहीत नसते. पुढच्या साली पाहू. तवर घर सोडून जाऊ नका, अन् कायमचं राहतो असंही कोणाले म्हणू नका."

चपला घालताना ते हळूच म्हणाले, "तीन दिवस माह्या घरी येऊन बसला हा. म्हणे, सर गेले तर मी कोणाशी बोलू, ते ध्यानात नको धरू. सरांपुरतं पाहाय."

ते बसस्टँडकडे गेले. मी फाटकापाशी जाऊन मारोतरावांना निकाल सांगितला. ते "असंच म्हणला?" असं दोनदा विचारून आत आले आणि बसले. मी लगेच मुलीला फोन लावला. दिवाळीला येतो, आठ दिवस राहतो, पण घर इतक्यात बंद करत नाही. तिनं विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बोरगावचे एक गृहस्थ येऊन गेले, मी म्हणालो. ते कोण, ते तिला समजावणं कठीण होतं.

मारोतराव ऐकत नसल्यासारखे भिंतीकडे पाहत होते. मी फोन ठेवला तेव्हा त्यांनी टोपी काढून डोळे पुसले, आणि ती तशीच मांडीवर धरून बसून राहिले.