नोटीस बोर्डावरची यादी

पार्ल्यातल्या त्या आर्किटेक्टच्या ऑफिसात सगळ्यांचं काम एकाच सर्व्हरवर साठायचं, आणि सोमवारी सकाळी तो सर्व्हर शहाण्णव टक्के भरला होता. शिवदासखेरीज कुणालाच त्याची फिकीर नव्हती. सर्व्हर सांभाळणं त्याचं काम, नोकरी कंत्राटी. शुक्रवारी शाळेच्या इमारतीचं टेंडर वेळेत अपलोड झालं, की त्याला पर्मनंट करायचं ऑफिसचे मालक श्यामकांतसर यांनी कबूल केलं होतं.

आधी त्याने गोडीत सांगून पाहिलं, नको ते पुसून टाका. सगळ्यांनी माना डोलावल्या, पुसलं कुणीच नाही. ड्रॉइंगवाल्या शकुताईंच्या फोल्डरात सहा वर्षांच्या हळदीकुंकवाचे व्हिडिओ होते. ठेवलेलं कधी वाया जात नाही, असं त्यांनी त्यालाच ऐकवलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग शिवदासने लोकांना जरा लाजवायचं ठरवलं. कुणी किती जागा अडवली आहे, त्याची यादी काढून नोटीस बोर्डावर लावली. रोज सकाळी ताजी यादी.

चुकला तो इथेच. त्या बोर्डावर आजवर फक्त कौतुकाच्याच याद्या लागत आल्या होत्या. पहिल्या आलेल्या शकुताईंनी दुपारी सगळ्यांसाठी वडे मागवले. शेवटच्या नंबरावरची गंधाली मात्र डोळे पुसत शिवदासच्या टेबलाशी आली.

"रोज आठपर्यंत बसते रे मी. आणि अप्रेझलच्या तोंडावर माझं नाव शेवटी?"

"अगं, शेवटी असणंच चांगलं आहे ना."

"तुला काय जातंय बोलायला."

बुधवारी गंधाली चौथी होती. एकच नकाशा तिने वेगवेगळ्या नावांनी शेकडो वेळा सेव्ह केला होता. तिचं पाहून बाकीचेही इरेला पेटले. घाबरून शिवदासने यादी काढून टाकली, तर सरांनीच ती परत लावायला सांगितली. ऑफिसात एवढी चुरस त्यांनी कधी पाहिली नव्हती.

शुक्रवारी दुपारी दोनला सर्व्हर गच्च भरला. टेंडरची फाइल सेव्ह होईना आणि मुदत चारची. दुसऱ्याचं काही पुसायचा शिवदासला अधिकार नव्हता. विचारायला गेला, तर प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. शेवटी त्याने स्वतःचं फोल्डर उघडलं. कुठला बिघाड कसा काढायचा, हे दाखवणारे तीन वर्षांचे व्हिडिओ त्याने हौसेने बनवून ठेवले होते. ते पुसताना त्याला फार वाईट वाटलं. चारला दहा कमी असताना टेंडर गेलं.

सोमवारी सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. तो पेढे आणायचे कुठून, हे ठरवतच आत गेला.

"टेंडरचं काम छान केलंस," सर म्हणाले. त्यांच्या हातात ताजी यादी होती. "पण यात तुझं नाव शेवटी, शिवदास. पुढे शून्य. पर्मनंट करायचं, तर काहीतरी काम दिसायला नको का?"

"बघतो, सर," एवढंच म्हणून शिवदास जागेवर आला. सर्व्हरवर अजून थोडी जागा शिल्लक होती. संध्याकाळपर्यंत त्याने ती सगळी भरून टाकली.