रिकाम्या पुंगळ्यांचा परवाना

रिकामी वस्तू भरलेल्या वस्तूपेक्षा जास्त धोकादायक असते, हे सत्य शहाण्या माणसांनी फार पूर्वीच ओळखलेलं आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. रिकामं पोट चोरी करायला लावतं. मग काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी, जिच्यात ना दारू, ना गोळी, ना ठिणगी पाडणारी टोपी, ती दोन देशांमधली सीमा ओलांडताना काय करून बसेल याचा काय नेम? म्हणून आमच्या सरकारने तिच्यासाठी स्वतंत्र परवाना ठेवला आहे. भरलेली काडतुसं मात्र शिकाऱ्याने खुशाल सोबत न्यावीत. नाक्यावर एक कागद भरला की झालं. (त्यांनी फार तर कोणी मरेल.)

मी सीमेच्या अलीकडे, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, पार्सलं उतरवून घेण्याचं दुकान चालवतो. पलीकडचे कॅनडावाले माझ्या पत्त्यावर माल मागवतात आणि गाडी घेऊन येऊन उचलतात. ट्रॅक्टरचे पट्टे, कुत्र्यांची औषधं, लोणच्याच्या बरण्या. एकाने शवपेटी मागवली होती. (तीही रिकामीच होती, पण सुटली.) तेव्हा या विषयावर मी अधिकाराने बोलतो आहे. आमच्या गावात दोनशे माणसं राहतात. त्यातली एकशे नव्व्याण्णव पलीकडे काही नेताना कोणाला काही विचारत नाहीत. उरलेली एक म्हणजे गुडरून एस्टाद.

गुडरूनबाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात आणि तळघरात काडतुसं भरतात. दोन्ही कामं त्या सारख्याच गंभीर चेहऱ्याने करतात. जन्मात त्यांनी एकही प्राणी मारलेला नाही. त्यांना फक्त काम नीट झालेलं आवडतं. त्यांच्या शेताच्या कडेला एक चर आहे. चराच्या पलीकडे ओरेस्ट हावरिशचं शेत, आणि कॅनडा.

ओरेस्टची बंदूक त्याच्या बापाची. तिचं काडतूस आता कुठलाच कारखाना काढत नाही. म्हणून गुडरूनबाई दुसऱ्याच बंदुकीच्या पुंगळ्या घेऊन त्या कापायच्या, दाबायच्या, आणि गोळी धरून ठेवणारी मान चिरू नये म्हणून मेणबत्तीवर धरायच्या. बूड चिमटीत, मान ज्योतीत. बोटांना चटका बसला की टाकायची पाण्यात. (चर्चची मेणबत्ती सगळ्यात चांगली, असं त्यांचं मत आहे. हे कृपया लक्षात ठेवा.) तयार पुंगळ्या त्यांचा नवरा हॅल्वर बटाट्यांच्या पिशवीत टाकून चरावरून ओरेस्टला द्यायचा. दारू, गोळी, टोपी ओरेस्ट आपल्याकडची भरायचा. अशी वर्षानुवर्षं शस्त्रास्त्रांची आंतरराष्ट्रीय वाहतूक चालली होती आणि जगाला पत्ता नव्हता.

गेल्या वर्षी हॅल्वर वारला. आणि यंदा मूसच्या सोडतीत ओरेस्टचं नाव निघालं. मूस म्हणजे घोड्याहून उंच सांबर. तो मारायचा तर सरकारी सोडतीत नंबर लागावा लागतो, आणि ओरेस्टचा आजवर एकदाही लागला नव्हता. त्यात डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं होतं की पुढच्या वर्षी त्याला मूस आणि कोठार यातला फरक दिसणार नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. जुन्या पुंगळ्या माना चिरून बाद झालेल्या. नव्या हव्यात, असा त्याने निरोप धाडला.

पिशवी घेऊन चर ओलांडायचा, एवढंच काम. पण गुडरूनबाईंनी निर्यातीच्या सरकारी खात्याला फोन करून विचारलं की हे चालतं ना.

खात्याची तारीफ करावी तेवढी थोडी. फोनवरच्या साहेबांनी अत्यंत नम्रपणे सांगितलं की चालत नाही. पुंगळी हा दारूगोळ्याचा सुटा भाग असून त्याच्या निर्यातीला परवाना लागतो, आणि परवान्याला वेळ. अर्जात मालाचा अंतिम वापर विचारला होता. बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं: पुंगळी ओरेस्टकडे राहील, गोळी मूसकडे जाईल, मूस ओरेस्टकडे येईल आणि त्यातला थोडा खिमा दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे मला मिळेल. यावर खात्याने उलट विचारलं की निर्यात केलेला माल खाद्यरूपाने देशात परत येणार असल्यास आयातीची परवानगी घेतली आहे काय. असं बारकाईने काम करणारी माणसं आजकाल मिळत नाहीत हो.

इकडे हंगाम सुरू झाला. ओरेस्ट म्हणाला, पुंगळी नको पाठवूस, मान कशी भाजायची ते फोनवर सांग, मी माझं करतो. बाईंनी तेही खात्याला विचारलं. कळलं की परदेशी माणसाला कृती सांगणं हीसुद्धा निर्यातच. माहिती हाही मालच. त्यानंतर दोघं फोनवर फक्त थंडीविषयी बोलू लागली.

शेवटी साहेबांनाच दया आली. ते म्हणाले, बाई, तुम्ही ती भरूनच का नेत नाही? पाहुण्या नेमबाज म्हणून जा, भरलेली काडतुसं सोबत न्या, तिथे झाडा. फक्त स्वतःच्या वापरासाठी. कोणाला द्यायची नाहीत, आणि उरलेली परत आणायची. बाईंनी पुंगळ्या भरल्या, आणि हाकेच्या अंतरावरच्या शेतात जायला नाक्यावरून वळसा घालून अर्धा दिवस गाडी हाकली. ओरेस्टने त्यांना कोबीच्या पानात भात गुंडाळून केलेले होलुब्त्सी खाऊ घातले. मग बापाची बंदूक घेऊन दोघं दलदलीच्या काठी बसली.

पुढचं मी दोघांकडूनही ऐकलं आहे, आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं. उजाडता उजाडता मूस आला. समोर, उघड्यावर, पाण्यात पाय रोवून उभा राहिला. ओरेस्टलासुद्धा दिसला, म्हणजे बघा.

"दे गं एक," ओरेस्ट कुजबुजला.

"माझ्या वापराची आहेत."

"मग तू मार."

"मूस तुझ्या नावावर आहे."

ही परिस्थिती कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होती. मूस मारण्याचा हक्क असलेल्या माणसाला काडतूस वापरण्याचा हक्क नव्हता, आणि काडतूस वापरण्याचा हक्क असलेल्या बाईला मूस मारण्याचा. मूस तेवढा कुठल्याच अटीशिवाय गवत खात होता.

"हॅल्वरने चरावरून फेकली असती," ओरेस्ट म्हणाला.

"हॅल्वरने कधी विचारलं नाही, ओरेस्ट. मी विचारून बसलेय. आता मला माहीत आहे, त्याला मी काय करू?"

असं म्हणून बाई रडायला लागल्या. आणि रडता रडताच त्यांना नियमातली वाट सापडली. झाडलेल्या काडतुसाची जमिनीवर पडलेली पुंगळी हा कचरा. कचरा कोणीही उचलावा. उलट उचलणाऱ्याचं कौतुक होतं. ओरेस्टने ती उचलायची, घरी नेऊन आपली दारू भरायची, की काडतूस त्याचं. त्यांनी बंदूक घेतली, मूसकडे पाठ केली आणि मागच्या मातीच्या बांधावर नेम धरून एकामागून एक सगळी काडतुसं झाडली. एकही गोळी चुकली नाही.

ओरेस्टने गवतातून चाचपून चाचपून सगळ्या पुंगळ्या गोळा केल्या. वर पाहिलं तेव्हा दलदल रिकामी होती.

पुढे हंगाम संपेपर्यंत तो पूर्णपणे कायदेशीर काडतुसं घेऊन रोज तिथे बसला. मूस परत आला नाही. कुठे जायचं आणि कुठे नाही, हे मूसला कोणाला विचारावं लागत नाही.

फेब्रुवारीत परवाना आला. खात्याने अभिनंदनही कळवलं होतं. बाईंनी नव्या पुंगळ्या माझ्या दुकानात आणून दिल्या आणि ओरेस्टचा पुतण्या त्याला गाडीतून घेऊन आला, कारण आता त्याला गाडी चालवता येत नाही. त्याने एक पुंगळी घेतली, मानेवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाला, "मेणबत्ती चर्चची दिसतेय." कृती त्याला पहिल्यापासून माहीत होती; हॅल्वरनेच सांगितली होती, चराकाठी बसून. "मग फोनवर कशाला विचारलीस?" बाई म्हणाल्या. तो म्हणाला, "तू एकदा तरी न विचारता काही देतेस का, ते बघत होतो." मला त्या दोघांकडे बघवेना. मी आत जाऊन उगाच खोकी इकडची तिकडे केली. भयंकर राग आला होता, आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. खात्याची तर काहीच चूक नाही.

आता तुमच्याविषयी. मेणबत्तीची ती कृती मी वर लिहून बसलो आहे. माहिती हाही माल, आणि सीमेपलीकडच्या माणसाने ती वाचली की माल पोचला. तुम्हाला पोचलेला आहे. कंस करून लक्षात ठेवायलाही सांगितलं होतं, आणि तुम्ही ठेवलंत. हे वाचायला परवाना लागतो का, असं तुम्ही कोणाला विचारलंत?

नाही ना?

तुम्हाला मूस मिळेल.