हिरव्या पाण्याची वाट

पाण्याच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये! बाटल्या धुण्याच्या आमच्या कारखान्यात रोज किती पाणी येतं, कुठे जातं, विहीर कधी आटेल, हे सगळं मी कागदावर मांडतो. फक्त रोजचं हजार लिटर पाणी काही केल्या सापडत नव्हतं.

विहिरीने तळ गाठत आणला होता. साहेब म्हणाले, "आठवड्यात गळती सापडली नाही, तर फिटरला घरी पाठवतो!"

फिटरकाकांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. पण पाणीचोरीचा मला त्यांचाच संशय होता. गळतीचं विचारलं की म्हातारा मान खाली घालायचा!

"काका, पाइपांचा नकाशा द्या."

"तो तुझ्या सासऱ्यांच्या डोक्यात होता. त्यांच्याबरोबरच गेला."

माझे सासरे इथलेच जुने फिटर, काका त्यांच्या हाताखाली शिकलेले.

मग मी नामी युक्ती काढली. टाकीत निरुपद्रवी हिरवा रंग टाकायचा. जिथे हिरवं पाणी निघेल, तिथे चोर! काकांनी हात जोडले. "नको रे. रविवारपर्यंत थांब, मी बघतो." झालं! चोराच्या मनात चांदणं! मी साहेबांसमोर अख्खा डबा ओतला.

तासाभरात सगळे हौद हिरवे झाले, पण गळती कुठेच दिसेना. तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब शेजारीच, आणि बायकोचा आवाज नेहमीप्रमाणे फोनच्या बाहेर!

"अहो, नळाला हिरवं पाणी येतंय! पांढऱ्या चादरींची वाट लागली!"

आमचं घर कारखान्याच्या भिंतीला लागून, सासऱ्यांनीच बांधलेलं. चोवीस तास पाणी. पाणीपट्टी कधी आलीच नाही, हे या तज्ज्ञाला कधी खटकलंही नाही!

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"गुरूने जोडलेला पाइप रे. त्यांचं नाव कसं घेणार? रविवारी गुपचूप तोडणार होतो."

मला मान वर करवेना. स्वतःची नोकरी पणाला लावून हा माणूस गप्प बसला होता, आणि मी त्याला चोर ठरवून मोकळा झालो होतो. फार लाज वाटली.

अहवालातल्या 'गळतीचं ठिकाण' या रकान्यात मी माझ्या घराचा पत्ता लिहिला. काकांची नोकरी वाचली, माझी बढती गेली. पाइप काकांनीच तोडला, डोळे पुसत.

आता रोज सकाळी मी चौकातल्या सार्वजनिक नळावर रांगेत असतो. घरी आलो की बायको दारातच विचारते, "दोनच बादल्या? बरं, तुम्ही पाण्यातले तज्ज्ञ ना, मग भागवून दाखवा!"