चाळीस तुकडे आणि बाबांचा नंबर

डोळ्यांच्या दवाखान्यातली रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर त्याने चाळीस तुकड्यांत करून घेतलं, तेव्हा त्याची कॉलर आठवडाभर ताठ होती. प्रत्येक टीमला त्याने बजावलं होतं, आपापला तुकडा बघा, शेजारच्यात नाक खुपसू नका. सगळ्यांना सगळं कळून करायचंय काय! त्यावर मीटिंगमध्ये टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

म्हणून आज तो बाबांना मोठ्या ऐटीत घेऊन आला. ऑपरेशन करायचं की नाही ते आजच ठरायचं होतं, कारण एक वाजता डॉक्टर महिनाभराच्या रजेवर निघणार होते. बाबांचा नंबर होता सातवा.

साडेनऊला भिंतीवरच्या पडद्यावर तो नंबर सहावा झाला आणि मिनिटभरात एकतिसावा! दहा वाजता तिसावा, लगेच चौतिसावा. तरणीताठी माणसं भराभर तपासून घेऊन घरी गेली. खोलीत उरली ती सगळी पिकली पानं, आणि ती त्याच्याचकडे बघत होती.

त्याने पहिल्या टीमला फोन लावला. त्यांचा तुकडा बाबांसारख्या सत्तरीपुढच्यांना दर अर्ध्या तासाला एक घर पुढे सरकवत होता, अगदी चोख. दुसऱ्या टीमचा तुकडा रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला थेट शेपटाला पाठवत होता, तोही चोख. आज विक्रमी घुसखोर सापडले म्हणून ती टीम खुशीत होती.

"अरे, पण दोन्ही मिळून काय होतंय, ते कोण बघतं?"

"सर, नाक खुपसू नका असं तुम्हीच सांगितलं होतं."

तो मटकन खुर्चीत बसला. इतका थकवा त्याला चाळीस तुकडे करतानाही आला नव्हता.

साडेबाराला काउंटरवरच्या बाईंनी मुकाट्याने पडद्यावर आपली ओढणी टाकली, कागदावर नावं लिहिली आणि हाका मारायला सुरुवात केली. एकला पाच मिनिटं असताना बाबा आत गेले.

बाहेर आले ते डोळे मिचकावत. ऑपरेशन ठरलं होतं. त्याला हायसं वाटलं.

"थेंबांनी जवळचं काही दिसत नाही रे," बाबा म्हणाले, "लांबचं मात्र स्वच्छ दिसतंय. तुझं उलटं झालेलं दिसतं. बाईंकडे पुढच्या महिन्यासाठी तुझंही नाव लावून आलोय."

त्याने बाईंच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "कागदावरच लावलंत ना?"