पाटल्यांचा खरा रंग

निपाणीतला अभिनंदनचा फोटो स्टुडिओ बंद पडला. पण ते सोडा. असं काही झालेलंच नाही, असं धरून आपण पुढं जाऊ. अभिनंदनही रोज सकाळी तेच धरून शटर वर करतो.

त्याचा जुना मॉनिटर सगळं निळसर दाखवायचा. म्हणून तो प्रत्येक लग्नाच्या फोटोत अंदाजानं पिवळा रंग वाढवायचा. छापलेल्या अल्बममध्ये मग नवरी सोन्यासारखी झळके, वऱ्हाड झळके, पंगतीतलं स्टीलचं ताटसुद्धा झळके. लोक म्हणत, पोराच्या हातात जादू आहे. पोरालाही तसंच वाटे.

जादूगाराला साधा मॉनिटर शोभत नाही, म्हणून त्यानं महिनाभर व्हिडिओ बघितले आणि बेळगावात जाऊन फोर-के मॉनिटर निवडला.

"ह्यात रंग अगदी खरे दिसतात," दुकानदार म्हणाला.

ही धमकी आहे हे अभिनंदनला कळलं नाही. जुना मॉनिटर त्यानं तिथंच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला.

नव्यावरचं पहिलं काम त्रिशलाच्या लग्नाचं. अल्बम सासरी जायच्या आधी तिची आई राजमतीआक्का बघायला आल्या आणि स्वतःच्याच फोटोवर थांबल्या.

"अभ्या, माझ्या पाटल्या पितळंच्या दिसायल्यात की रं!"

"आक्का... पितळंच्याच असतील."

"व्हय, पण फोटूत तशा दिसायच्या न्हाईत! आन् हे काय डाग?"

"पॉलिश उडालंय. फोर-के हाय न्हवं."

"उडालंय ते मला म्हाईत हाय. विहीणबाईस्नी कशाला कळवायलास?" आक्कांचा आवाज खाली आला. "खऱ्या पाटल्या पोरीच्या हातात घातल्या रं. माझ्या हाताकडं कोण बघतंय म्हटलं."

अभिनंदननं पुन्हा पिवळा रंग वाढवून बघितला. नव्या पडद्यावर अख्खं वऱ्हाड काविळीनं आजारी दिसलं. त्याचा हात आपोआप मागं आला. आक्का फोटोंचा पेनड्राइव्ह मागून घेऊन गेल्या.

पाठोपाठ तंबाखूचे व्यापारी चंद्रप्पाअण्णा आले. "आमचा जावई फोटूत आमच्या जावयासारखाच दिसतोय! ह्याला पैसे द्यायचे व्हय?"

लग्नसराईच्या सगळ्या ऑर्डरी गेल्या. अभिनंदन धावत बेळगावला गेला. जुना मॉनिटर चिकोडीच्या कुमार फोटोवाल्यानं नेला होता.

चिकोडीत कुमारच्या दुकानावर 'सोनेरी अल्बम' अशी नवी पाटी होती आणि खाली रांग. टेबलावर आक्कांचा अल्बम तयार. पाटल्या अशा झळकत होत्या की कुणी चोरून नेल्या असत्या.

"हे कसं केलास रं?" अभिनंदननं विचारलं.

"काय म्हाईत. मला सगळं निळंच दिसतंय, म्हणून जरा पिवळं घालतोय. लोक म्हणत्यात, हातात जादू हाय."

"मॉनिटर परत दे की. माझा फोर-के घे."

"खुळा हायस काय?"

घरी येऊन अभिनंदननं मॉनिटरच्या कंपनीला अर्ज लिहिला: 'महोदय, आपला मॉनिटर पूर्णपणे निर्दोष असल्याने अर्जदाराचे अपरिमित नुकसान होत आहे. तरी अर्जदाराच्या जुन्या मॉनिटरमध्ये असलेला बिघाड सदर मॉनिटरमध्ये वॉरंटीच्या मुदतीत, विनामूल्य बसवून मिळावा, ही नम्र विनंती.'